परकीय थेट गुंतवणूक आणि स्थानिक श्रमबाजार : तळेगाव (मावळ) येथील एका मोटार कारखान्याच्या अनुषंगाने

प्रास्ताविक

१९९१ च्या नव्या औद्योगिक धोरणानंतर परकीय थेट गुंतवणूक हा विषय अर्थशास्त्र व वाणिज्य या दोन्ही शाखांच्या अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग झाला आहे. विकसनशील देशांत भांडवलाची टंचाई असते, श्रमाची विपुलता असते. बाहेरून भांडवल आले की उत्पादन वाढते, रोजगार वाढतो, तंत्रज्ञान येते व आर्थिक वृद्धीचा वेग वाढतो, अशी मांडणी आपल्या पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र आढळते. या फायद्यांच्या शेजारी नफ्याचे परदेशी वहन, देशी उद्योगांवरील दडपण इत्यादी तोट्यांची यादी दिलेली असते आणि विद्यार्थी दोन्ही याद्या पाठ करून परीक्षेत उतरवितात. गुंतवणूक एखाद्या विशिष्ट तालुक्यात प्रत्यक्ष कशी येते, तेथील श्रमबाजारात कोणते थर निर्माण करते आणि ती निघून जाते तेव्हा त्या थरांचे काय होते, हा प्रश्न मात्र या याद्यांमध्ये बसत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे औद्योगिक क्षेत्रात, नवलाख उंब्रे परिसरात उभ्या राहिलेल्या मोटार कारखान्याचा २००६ ते २०२५ या काळातील प्रवास आधारभूत मानला आहे. एका कारखान्यावरून सर्व विकसनशील देशांविषयी निष्कर्ष काढता येत नाहीत हे उघड आहे. तथापि याच कारखान्याच्या जमिनीवर अमेरिकन, चिनी व कोरियन अशा तीन देशांच्या भांडवलाचा प्रवेश, प्रयत्न आणि निर्गमन घडून आल्यामुळे सिद्धांत तपासून पाहण्यास असे दुसरे उदाहरण आपल्या परिसरात क्वचितच सापडेल.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

विकसनशील देशांतील श्रमबाजाराची चर्चा आर्थर लुईस यांच्या १९५४ मधील प्रतिमानापासून सुरू होते. शेतीसारख्या पारंपरिक क्षेत्रात अतिरिक्त श्रम साचलेले असतात. आधुनिक क्षेत्रातील भांडवल निर्वाह वेतनाहून किंचित अधिक वेतन देऊन हे श्रम ओढून घेते. नफ्याची पुनर्गुंतवणूक होत राहते आणि हळूहळू अतिरिक्त श्रम संपुष्टात येतात. या प्रतिमानातील ‘नफ्याची पुनर्गुंतवणूक’ हे गृहीतक महत्त्वाचे आहे. भांडवलदार त्याच देशात, त्याच क्षेत्रात थांबतो असे लुईस गृहीत धरतात. बहुराष्ट्रीय कंपनीच्या बाबतीत हे गृहीतक सैल होते, कारण तिच्यासमोर एकाच वेळी अनेक देशांचे पर्याय असतात व तळेगावच्या नफ्याची तुलना थायलंड किंवा मेक्सिकोतील नफ्याशी केली जाते.

परकीय गुंतवणुकीमुळे वृद्धी होते काय, या प्रश्नाचे अनुभवाधिष्ठित उत्तर एकसारखे नाही. बोरेन्झटाइन, डी ग्रेगोरिओ व ली यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की यजमान देशात मानवी भांडवलाची किमान पातळी असेल तरच अशा गुंतवणुकीचा वृद्धीवर अनुकूल परिणाम होतो. एटकेन व हॅरिसन यांनी १९९९ मध्ये व्हेनेझुएलातील कारखान्यांचा अभ्यास मांडला. परकीय मालकी आलेल्या लहान कारखान्यांची उत्पादकता वाढली, परंतु त्याच उद्योगातील देशी कारखान्यांची उत्पादकता घटली, असे त्यांना आढळले. २००४ मध्ये यावॉर्चिक यांनी लिथुआनियाच्या आकडेवारीवरून दाखविले की ज्ञानाचा पाझर प्रतिस्पर्धी कारखान्यांपेक्षा सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यांकडे अधिक होतो. म्हणजेच परकीय कंपनीचा खरा लाभ तिच्या फाटकाच्या आत शोधण्याऐवजी तिला माल पुरविणाऱ्या लघुउद्योगांत शोधावा लागतो. पुणे परिसराचा विचार करताना हा तिसरा निष्कर्ष आपल्याला विशेष उपयोगी पडतो.

मावळची पूर्वपीठिका

मावळात बाहेरचे भांडवल प्रथमच आले असे मानणे चुकीचे ठरेल. लोणावळ्याजवळील वळवण, शिरवता या धरणांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून त्यावर वीज निर्माण करण्याची टाटांची योजना १९१० मध्ये कंपनीरूपाने आकारास आली व १९१५ पासून ती वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली. हे भांडवल देशी होते. तरीही मावळच्या दृष्टीने ते बाहेरचेच होते; पाणी व जमीन येथील, बाजारपेठ मुंबईची. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, तळेगाव येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून जनतेकडून पैसा पैसा गोळा करून जमविलेले हे भांडवल होते आणि तयार मालाइतकेच काच कारागिरांच्या प्रशिक्षणासाठी हा कारखाना ओळखला गेला. दोन गुंतवणुकी, एकच तालुका, एकच दशक. एकीतून ऊर्जा बाहेर गेली व दुसरीतून कौशल्य बाहेर पसरले. भांडवल कोणत्या देशाचे, या प्रश्नाबरोबरच ते स्थानिक श्रमाशी कसे जोडले जाते हा प्रश्नही विचारावा लागतो, तो यासाठी.

त्यानंतरचा दीर्घ काळ मावळची अर्थव्यवस्था भातशेती, दूध, रेल्वे, संरक्षण विभागाच्या आस्थापना आणि लोणावळा-खंडाळ्याचे पर्यटन यांवर उभी राहिली. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘इंद्रायणी’ वाणाने आंदर मावळ व पवन मावळातील शेतकऱ्याला चांगला भाव मिळवून दिला. पण धारणक्षेत्र लहान व शेती पावसाळी असल्यामुळे घरातील एक तरी मुलगा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात असणे ही दोन पिढ्यांची रीत होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि जे कारखाने मावळातील तरुण शोधत जात होता ते मावळात येऊ लागले. मुंबईची बंदरे जवळ, पिंपरी-चिंचवड व चाकणचे सुटे भाग उत्पादक हाकेच्या अंतरावर, अभियांत्रिकी महाविद्यालये व औद्योगिक प्रशिक्षण संस्था भरपूर. स्थाननिश्चितीच्या सिद्धांतात जे जे घटक सांगितले जातात ते सर्व येथे हजर होते. जमीन महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खाली संपादित होऊन महामंडळामार्फत कंपन्यांना मिळत गेली.

कारखान्याचा प्रवास

जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने ऑगस्ट २००६ मध्ये तळेगाव येथे ३० कोटी डॉलर गुंतवून वर्षाला १ लाख ४० हजार मोटारी तयार करण्याची क्षमता उभारण्याचे जाहीर केले. त्यापूर्वी २००२ च्या वाहन धोरणाने या क्षेत्रात १०० टक्के परकीय भांडवलाला स्वयंचलित मार्गाने परवानगी दिलेली होती. सप्टेंबर २००८ मध्ये कारखाना सुरू झाला. प्रथम ‘स्पार्क’ व नंतर ‘बीट’ ही छोटी मोटार येथे तयार होऊ लागली. २०१० मध्ये इंजिनांचा विभागही सुरू झाला.

कंपनी येथे आली ती भारतीय ग्राहकासाठी. परकीय गुंतवणुकीच्या वर्गीकरणात हिला बाजारपेठ शोधणारी गुंतवणूक म्हणतात. हा प्रकार स्थिर मानला जातो, कारण जोवर ग्राहक आहे तोवर कंपनी थांबते. ग्राहकच मिळाला नाही तर काय, हे या वर्गीकरणात फारसे सांगितलेले नसते. जुलै २०१५ मध्ये कंपनीने भारतात आणखी १०० कोटी डॉलर गुंतविण्याची, गुजरातमधील हालोलचा कारखाना बंद करून सर्व उत्पादन तळेगावला एकवटण्याची घोषणा केली. मे २०१७ मध्ये, म्हणजे दोन वर्षे पूर्ण होण्याच्या आत, भारतातील विक्री त्या वर्षअखेर थांबविण्याचा निर्णय जाहीर झाला. देशी बाजारातील कंपनीचा हिस्सा तेव्हा एक टक्क्याहून कमी होता.

हा निर्णय तळेगावच्या कामगारांच्या कार्यक्षमतेशी संबंधित नव्हता, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. त्याच वर्षी कंपनीने युरोपातील ओपल हा आपला व्यवसाय फ्रेंच समूहाला विकला, दक्षिण आफ्रिकेतून माघार घेतली आणि ऑस्ट्रेलियातील मोटारनिर्मिती थांबविली. तळेगावच्या मोटारी तर विक्री थांबल्यानंतरही तीन वर्षे मेक्सिको व लॅटिन अमेरिकेतील देशांना निर्यात होत होत्या. कारखाना राहिला, बाजार बदलला; बाजारपेठ शोधणारी गुंतवणूक एका रात्रीत निर्यातीसाठीची, खर्चाधिष्ठित गुंतवणूक बनली. अशा गुंतवणुकीची मुळे खोल नसतात. २४ डिसेंबर २०२० रोजी उत्पादन थांबले.

तत्पूर्वी जानेवारी २०२० मध्येच ग्रेट वॉल मोटर्स या चिनी कंपनीने हा कारखाना विकत घेण्याचा करार केला होता. १७ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने भारताशी भू-सीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीसाठी पूर्वपरवानगी आवश्यक केली. जूनमध्ये राज्य शासन व ही कंपनी यांच्यात सुमारे ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला आणि त्याच दिवशी गलवानची चकमक घडली. काही दिवसांतच करार ‘जैसे थे’ ठेवण्यात आला. परवानगी मिळाली नाही आणि जून २०२२ अखेर खरेदीचा करार संपुष्टात आला. गंमत अशी की याच दोन कंपन्यांमध्ये त्याच वर्षी थायलंडमधील रायोंग येथील कारखान्याचाही व्यवहार ठरला होता. तो नोव्हेंबर २०२० मध्ये पूर्ण झाला व २०२१ मध्ये तेथे नव्या मालकाचे उत्पादन सुरूही झाले. हालोलचा कारखाना तर २०१७ मध्येच दुसऱ्या एका चिनी समूहाकडे गेला होता. विकणारा एकच, कारण एकच. फरक पडला तो देशांच्या परस्परसंबंधांचा व तारखेचा. राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने शासनाचा निर्णय योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. पण त्या निर्णयाची किंमत कोणी मोजली, हा अर्थशास्त्राचा विषय निश्चितच आहे.

काम थांबणे, कपात आणि बंद

एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफ देण्यात आला. मराठी वृत्तपत्रांत व आपल्या बोलण्यातही ले-ऑफ, कपात आणि कारखाना बंद या तिन्हींना ‘कामावरून काढले’ असाच शब्दप्रयोग होतो. त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार त्यांचे अर्थ भिन्न होते व त्यांचे आर्थिक परिणामही भिन्न होते. ले-ऑफमध्ये मालक-कामगार संबंध टिकून असतो. काम देता येत नाही म्हणून कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून मिळते. कपातीत संबंध संपतो आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन मिळते. कारखाना बंद करावयाचा असेल तर त्या अधिनियमाच्या कलम २५-ओ नुसार नव्वद दिवस आधी शासनाकडे अर्ज करावा लागत असे आणि साठ दिवसांत निर्णय कळविला गेला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जात असे. भरपाईचा दर येथेही १५ दिवसांचाच.

हा दर प्रत्यक्षात काय सांगतो ते पाहू. सप्टेंबर २००८ मध्ये कारखाना सुरू होताना विशीत लागलेला, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला तरुण डिसेंबर २०२० मध्ये बारा वर्षे पूर्ण करतो. बारा गुणिले पंधरा म्हणजे १८० दिवस, अर्थात सहा महिन्यांचे वेतन. कंपन्या स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेत यापेक्षा बरीच अधिक रक्कम देऊ करतात हे खरे. पण तो वाटाघाटीचा भाग झाला, हक्काचा नव्हे. त्या कामगाराचे वय तेव्हा बत्तीस-तेहतीस असते. तळेगाव-चाकण पट्ट्यात नोकरभरती चालू असली तरी ती बहुतांशी नव्याने उत्तीर्ण झालेल्या, प्रशिक्षणार्थी म्हणून अल्प विद्यावेतनावर येणाऱ्या मुलांची असते. एका कंपनीच्या जुळणीपट्टीवर बारा वर्षे मिळविलेले कौशल्य पुष्कळदा त्या कंपनीपुरतेच असते. मानवी भांडवलाच्या सिद्धांतात यालाच संस्थाविशिष्ट कौशल्य म्हणतात. कारखाना बंद झाला की यंत्राची काही किंमत येते, या कौशल्याची येत नाही. गृहकर्जाचे हप्ते व मुलांच्या शाळेचे शुल्क याच वयात सुरू झालेले असते.

कामगार संघटनेने कारखाना बंद करण्याला आव्हान दिले आणि वाद न्यायाधिकरण व न्यायालयापर्यंत गेला. संघटनेची मुख्य मागणी रोख रकमेपेक्षा रोजगाराची होती : जो कोणी कारखाना घेईल त्याने कामगारांनाही घ्यावे. येथे कायद्यातील एक बारीक भेद निर्णायक ठरतो. त्या वेळी लागू असलेल्या कलम २५-एफएफ नुसार ‘उपक्रम’ हस्तांतरित झाल्यास कामगारांना नोटीस व भरपाई मिळत असे. नव्या मालकाने सेवा खंडित न होऊ देता, पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामगारांना सामावून घेतले तर ती भरपाई देय होत नाही. म्हणजे कायदा नव्या मालकाला कामगार घेण्याची सक्ती करीत नाही. फक्त घेतल्यास सवलत देतो. आणि व्यवहार चालू उपक्रमाचा नसून जमीन, इमारती व यंत्रे अशा मालमत्तेचा असेल तर तेवढाही धागा उरत नाही. १६ ऑगस्ट २०२३ रोजी ह्युंदाई मोटर इंडिया या कंपनीने केलेला करार मालमत्ता खरेदीचा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये कामगारांनी तळेगावात उपोषण आरंभले. जानेवारी २०२४ मध्ये मालमत्तेचे हस्तांतरण पूर्ण झाले. जून २०२५ मध्ये तेथे इंजिनांचे व ऑक्टोबर २०२५ मध्ये मोटारींचे उत्पादन सुरू झाले. पहिल्या टप्प्यात वर्षाला १ लाख ७० हजार व २०२८ पर्यंत अडीच लाख मोटारींची क्षमता करण्याचे कंपनीचे नियोजन आहे.

याचा अर्थ तालुक्याच्या पातळीवर रोजगार पुन्हा निर्माण झाला, कदाचित पूर्वीपेक्षा अधिकच होईल. पण तो रोजगार नव्या पिढीचा आहे. आकडेवारीत २००८ चे व २०२५ चे रोजगार जोडून दाखविता येतात. माणसे तशी जोडता येत नाहीत.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हा व्यवहार कोठे बसतो?

वर्गात शिकविताना गुंतवणूक या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात व विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो, म्हणून येथे थोडा विस्तार आवश्यक वाटतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या समीकरणातील गुंतवणूक म्हणजे नवी भांडवलनिर्मिती : नवी इमारत, नवे यंत्र. भारतात नोंदणी झालेल्या एका कंपनीने दुसऱ्या अशाच कंपनीकडून जुना कारखाना विकत घेतला तर देशाच्या पातळीवर भांडवलनिर्मिती शून्य होते. एकाची भर ती दुसऱ्याची वजाबाकी. नव्या मालकाने आणलेली नवी यंत्रे, नवी जुळणीपट्टी यांपुरतीच खरी भर. दुसरीकडे परकीय थेट गुंतवणुकीची आकडेवारी मालकीहक्काच्या प्रवाहाची असते. त्यात नवे समभाग येतात, तसाच येथे मिळवून येथेच ठेवलेला नफाही येतो. म्हणजे एकही डॉलर सीमा ओलांडून आला नाही तरी परकीय गुंतवणूक वाढलेली दिसू शकते आणि परकीय गुंतवणूक आली म्हणून एकही नवे यंत्र बसले असेलच असे नाही.

रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये भारतात आलेली एकूण परकीय थेट गुंतवणूक सुमारे ८,१०० कोटी डॉलर होती. त्याच वर्षी परत नेलेले भांडवल सुमारे ५,१५० कोटी डॉलर होते; भारतीय कंपन्यांची परदेशातील गुंतवणूकही वजा केली असता निव्वळ आकडा अवघा ४० कोटी डॉलरच्या आसपास उरला. या परत जाण्यात समभाग विक्रीचा वाटा मोठा होता. तळेगावचा कारखाना सज्ज होत असतानाच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ह्युंदाईच्या भारतीय कंपनीच्या समभागांची २७,८७० कोटी रुपयांची प्रारंभिक विक्री झाली. ती संपूर्णतः मूळ कोरियन कंपनीच्या हिश्श्याची विक्री असल्याने रक्कम मूळ कंपनीकडे गेली. यात गैर काही नाही. गुंतवणूकदार नफा घेणारच. परंतु एकाच समूहाचे भांडवल एकाच काळात तळेगावला येताना व देशाबाहेर जाताना दिसते, तेव्हा केवळ आवक सांगून वृद्धीचे अनुमान काढणे किती अपुरे आहे हे ध्यानात येते.

घोषणांचे आकडे तर याहून निसरडे. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा अर्धवाहक प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेल्यावरून राज्यात मोठा गदारोळ झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. जो प्रकल्प कोठेच उभा राहिला नाही त्याचे रोजगार आपण वर्षभर मोजत होतो. याच काळात, याच तालुक्यात, प्रत्यक्षात असलेले १,४१९ रोजगार गेलेले होते. त्यांची चर्चा तेवढ्या आवाजात झाली नाही.

श्रमबाजाराचे थर

परकीय कंपनीतील कायम कामगार हा या श्रमबाजाराचा सर्वांत वरचा व सर्वांत लहान थर होय. त्याला संघटना आहे, वेतन करार आहे, न्यायालयात जाण्याची ऐपत आहे. त्याच फाटकातून आत जाणारे कंत्राटी कामगार, साफसफाई, उपाहारगृह, मालवाहतूक व सुरक्षेचे काम करणारे लोक कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतात. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांना ले-ऑफ मिळाला नाही, कारण त्यांच्या बाबतीत फक्त कंत्राटाचे नूतनीकरण झाले नाही. १,४१९ या आकड्यात ते नाहीत. त्याखाली सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योगांतील कामगार. यावॉर्चिक यांच्या निष्कर्षाप्रमाणे कौशल्याचा व शिस्तीचा पाझर येथवर पोहोचतो आणि पुणे परिसरात तो पोहोचलाही आहे. एकाच वेळी चार मोटार कंपन्यांना माल देणारे उद्योग एका कंपनीच्या जाण्याने बुडाले नाहीत. चाकणला फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ आहेत, पिंपरीत टाटा आहेत. जे उद्योग एकाच ग्राहकावर विसंबले त्यांची गोष्ट निराळी.

सर्वांत शेवटी येतात ते मोजणीबाहेरचे लोक. नवलाख उंब्रे, आंबी, मंगरूळ या गावांत जमिनीचा एकरकमी मोबदला मिळाल्यावर पुष्कळांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या, कोणी प्रवासी गाड्या घेतल्या, कोणी खानावळ काढली. शेतकऱ्याचे उत्पन्न भातावरून खोलीभाड्यावर आले. कारखान्याची पाळी बंद झाली की खोली रिकामी होते, आणि या घराला नुकसानभरपाईचे कोणतेही कलम लागू होत नाही.

‘स्थानिकांना ८० टक्के रोजगार’ या शासकीय धोरणाचा येथे उल्लेख करावा लागतो. गावात या वाक्याचा अर्थ मावळातील मुले असा घेतला जातो. धोरणातील स्थानिक म्हणजे पंधरा वर्षे महाराष्ट्रात वास्तव्य असलेला. त्यामुळे कंपनीने धोरण तंतोतंत पाळूनही गावातील तरुण बाहेर राहू शकतो, आणि राहतो. राग मग विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या मुलांवर निघतो.

तुलनेसाठी मावळातीलच एक निराळे उदाहरण. पवन मावळ व तळेगाव परिसरातील हरितगृहांतून गुलाब व इतर फुलांचे उत्पादन होते आणि फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन दिनाच्या सुमारास येथील गुलाब परदेशी जातात. येथे बाजारपेठ परकीय आहे, भांडवल बहुतांश देशी आहे आणि तोडणी-बांधणीच्या कामावर स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे. वेतन मोटार कारखान्याच्या तुलनेत तुटपुंजे, संघटना नाही, हंगाम सरला की काम कमी. जागतिक बाजाराशी जोडले जाण्यासाठी परकीय मालकी आवश्यक नसते हे यावरून दिसते. आणि मालकी देशी असली म्हणून श्रमाला संरक्षण मिळतेच असे नाही, हेही दिसते. मोटार कारखान्यातील कायम कामगाराला सुमारे बारा वर्षे जे वेतन व जी प्रतिष्ठा मिळाली ती मावळातील दुसऱ्या कोणत्याही व्यवसायाने त्या संख्येने दिली नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परकीय गुंतवणुकीला सरसकट विरोध करणाऱ्यांनी ही बाब लक्षात घ्यावी असे वाटते.

सामंजस्य करार व बदललेला कायदा

परकीय कंपनी येताना राज्य शासन जमीन, वीज, करपरतावा व मुद्रांक शुल्कातील सवलती देते. मोठ्या प्रकल्पांशी होणाऱ्या करारांत गुंतवणुकीची रक्कम व रोजगाराची संख्या लिहिलेली असते. निर्गमनाविषयी, म्हणजे कंपनी गेल्यास कामगारांचे पुनर्प्रशिक्षण कोणी करावे, नव्या खरेदीदाराने जुन्या कामगारांना मुलाखतीत तरी प्राधान्य द्यावे काय, याविषयीची अट सवलतींना जोडता येईल. अशी अट गुंतवणूकदाराला पळवून लावील, हा आक्षेप अपेक्षित आहे. पण तळेगावला आलेल्या तिन्ही कंपन्यांना ओढून आणणारी गोष्ट द्रुतगती मार्ग, पुरवठादारांचे जाळे व प्रशिक्षित मनुष्यबळ ही होती. राज्याची सौदाशक्ती येथे वाटते तितकी दुबळी नाही.

कायद्याची दिशा मात्र उलट आहे. कपात व बंदसाठी शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक करणारे प्रकरण १९७६ मध्ये आले तेव्हा ते ३०० कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. बंदसंबंधीचे मूळ कलम १९७८ मध्ये ‘एक्सेल वेअर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले. १९८२ च्या दुरुस्तीने ते नव्या स्वरूपात आले व मर्यादा १०० कामगारांवर आणली गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने ती पुन्हा ३०० केली आहे. मोटार कंपन्या या मर्यादेच्या वरच राहतील. तळेगाव व चाकणच्या पुरवठादार कारखान्यांपैकी १०० ते ३०० कामगारांचे कारखाने मात्र परवानगीच्या चौकटीतून बाहेर पडले आहेत, आणि आपल्या महाविद्यालयांतून व शेजारच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणारी मुले प्रथम नोकरीला लागतात ती बहुधा अशाच ठिकाणी. त्याच संहितेने कपात झालेल्या कामगारांसाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद केली आहे. मालकाने प्रत्येक कामगारामागे अखेरच्या वेतनाच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम त्यात भरावयाची आणि ती पंचेचाळीस दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची. बत्तिसाव्या वर्षी नवे कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांचे वेतन किती पुरेल, याचा हिशेब वर्गात मांडून पाहण्याजोगा आहे.